तोंडात अळ्या पडल्या, त्या शापानं नाही

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या तोंडात अळ्या सापडल्या की त्याची सेवा करणारी बाई विचारते, ‘हे कुणाच्या पापाचं फळ?’ लातूर, बीड, परभणीकडच्या घरांतून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की एका सुनेची गोष्ट, ओळखीचे तपशील बदलून, सांगतेच.

सासऱ्यांना अर्धांगवायू झालेला, तोंड सतत उघडं. हिरडी सुजली, घाण वास येऊ लागला आणि बॅटरीच्या उजेडात काहीतरी वळवळताना दिसलं. दवाखान्यात अळ्या काढल्या, जखम भरली. सासरे सावरले, पण सून जेवेना, झोपेना. गल्लीतल्या बाया म्हणत होत्या, “जल्मभर शिव्या दिल्या, त्या तोंडाला भोग आला.”

सुरुवातीला ती एवढंच म्हणायची, “माझ्या हातून हेळसांड झाली.” मी तिला माशीची माहिती दिली. आपल्याकडे क्रायसोमिया बेझियाना नावाची माशी जखमेवर, सडलेल्या हिरडीवर एका वेळी शंभरावर अंडी घालते. दिवसाभरात अळ्या निघतात आणि जिवंत मांसावर वाढतात. एक दुपार नजर चुकली तरी पुरे. ती मान हलवायची, चेहरा मात्र तसाच. दुखणं दुसरीकडं होतं.

मग एकदा विचारलं, “अळ्या दिसल्या तेव्हा मनात पहिल्यांदा काय आलं?”

ती बराच वेळ पदर पिळत राहिली. “मीच म्हनले व्हते, मॅडम. चुलीपुढं बसून. ह्यांच्या तोंडात किडे पडतील म्हनून.”

“एकदाच?”

“एकदा कामून? लगीन झाल्यापासून. रोज.”

“मग इतकी वर्षं का नाही पडले?”

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, “तवा मामाचं तोंड मिटत व्हतं.”

आणि ती रडली. सासऱ्यांच्या शिव्यांविषयी, गिळलेल्या रागाविषयी पहिल्यांदा बोलली. ज्याचा राग येतो त्याची सेवा मनापासून होऊच शकत नाही, असं तिनं धरलं होतं. मी पाहिलंय, दोन्ही एकाच मनात नांदतात. घटनेपेक्षा तिला चिकटवलेला अर्थ माणसाला जास्त छळतो, यावर माझा विश्वास आहे. आणि तो अर्थ उपदेशानं सुटत नाही, ज्याचा त्यानंच सोडवावा लागतो. तो एक प्रश्न योग्य वेळी विचारला गेला, याचं मला आजही समाधान आहे.

हिरड्यांत राहणारा एक अमिबा १८४९ सालापासून ठाऊक आहे. दातांवर कीट साचलेल्या कितीतरी तोंडांत तो असतो. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याला कुणी पाप म्हणत नाही.

घरी असा रुग्ण असेल तर सकाळ-संध्याकाळ बोटाला ओलं स्वच्छ कापड गुंडाळून दात, हिरड्या, टाळू पुसा. रोज बॅटरी लावून आत बघा. दिवसाही मच्छरदाणी लावा, गोठ्याजवळ खाट टाकू नका. सूज, रक्त, दुर्गंधी किंवा खाण्याला नकार दिसला की लगेच सरकारी दवाखान्याच्या दंतविभागात न्या. रॉकेल किंवा टर्पेंटाइन घरी ओतू नका. ते श्वासनलिकेत गेलं तर जिवावर बेततं. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, तेव्हा रुग्णाचं अंथरूण वेगळ्या खोलीत हलवायची गरज नाही.

आणि हे सगळं एकट्या सुनेवर टाकू नका. तिच्या घरी संध्याकाळी तोंड पुसायचं काम आता तिचा नवरा करतो.