घरच्या घरी हवामान नोंदवायला स्वस्तातलं कोणतं यंत्र घ्यावं?

पाच हजारांत तापमान, आर्द्रता, पाऊस, वारा सगळं मोजणारं यंत्र हवंय म्हणता. माझं ऐका, वारा सोडून द्या. चार इमारतींच्या मध्ये गच्चीवर बसवलेलं वातमापक वाऱ्यापेक्षा कठड्याबद्दलच जास्त सांगतं.

सुरुवात पावसापासून करा. मिलिमीटरच्या खुणा असलेलं साधं प्लास्टिकचं पर्जन्यमापक घ्या आणि झाड-भिंतीपासून लांब, अगदी सरळ उभं बसवा. 1 मिमी म्हणजे एका चौरस मीटरवर 1 लिटर पाणी. रोज सकाळी 8.30 ला वाचायचं, लिहायचं, ओतून टाकायचं. हवामान खात्याचा 24 तासांचा पाऊसही 8.30 ते 8.30 असाच धरतात, त्यामुळे जवळच्या केंद्राशी आकडे ताडून बघता येतात. डिजिटल यंत्रात बहुधा छोटी पाळणेवजा वाटी असते. भरली की कलंडते, तेवढी एक नोंद. कोकणासारख्या मुसळधार पावसात कलंडतानाचं पाणी हुकतं आणि आकडा कमी येतो. पाचोळा अडकला तर विचारूच नका.

उरलेल्या पैशांत बाहेर ठेवायचा वेगळा सेन्सर असलेलं डिजिटल तापमान-आर्द्रता मापक येईल. सेन्सर सावलीत, हवा खेळती राहील असा, जमिनीपासून साधारण दीड मीटरवर लावा. तापलेल्या स्लॅबजवळ नको, नाहीतर मे महिन्यात 50 अंश दिसतील आणि सोसायटीच्या ग्रुपवर फोटो फिरेल! नोंदी मोबाइलवर हव्या असतील तर घेण्याआधी त्या फाइल म्हणून उतरवता येतात का, तेवढं विचारा.