खुब्याची गादी झिजली, आता सांधा बदलायचा का?

एमआरआयचा रिपोर्ट हातात पडला की लोक आधी तो मोबाइलवर शोधून वाचतात, मग डॉक्टरांना दाखवतात, आणि झोप उडाली की माझ्यापर्यंत येतात. ही मुलगी तशीच आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

वय तेविशीच्या आसपास. शाळेपासून कबड्डी, आता पोलीस भरतीची तयारी. ८०० मीटरच्या सरावानंतर जांघेत कळ यायची, खाली बसून उठताना खुबा अडकल्यासारखा व्हायचा. कुठे दुखतं विचारलं, तर तिने अंगठा मागे आणि बोटं पुढे असा पंजा खुब्याभोवती धरला. हाडांच्या डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीची खूण आहे ही. रिपोर्टमध्ये कॅम प्रकारचं इम्पिंजमेंट (हाडाच्या उंचवट्यामुळे खुब्यात होणारी अडचण), लॅब्रमला म्हणजे खोबणीच्या कडेच्या पट्टीला चीर आणि कार्टिलेजची, म्हणजे सांध्यातल्या कूर्चेच्या गादीची, सुरुवातीची झीज. शेवटच्या ओळीखाली लाल पेनाने दोनदा रेघ मारलेली.

“मॅडम, तिशीतच खुबा बदलावा लागणार ना?”

पळणं तर तिने सोडलंच होतं. जिना चढणं, आईला घरकामात हात लावणं, तेही बंद. एवढं डॉक्टरांनी सांगितलेलंच नव्हतं.

एमआरआय वाचणं माझं काम नाही. पण डॉक्टर जे बोलले होते, त्यातलं ‘झीज’नंतरचं तिच्या कानांवरून गेलं होतं. म्हणून कागदावर काढून दाखवलं: मांडीच्या हाडाचा गोळा मानेला जिथे मिळतो तिथे थोडा उंचवटा. गुडघा छातीकडे घेऊन पाय आत वळवला की तो खोबणीच्या कडेवर दाबतो आणि तिथली कूर्चा हळूहळू सोलवटते. वाढीच्या वयात भरपूर खेळणाऱ्यांत हा उंचवटा जास्त दिसतो.

“म्हणजे आम्ही खेळू दिलं, म्हणून झालं?” आईने लगेच विचारलं. झालंच नसतं असं कोण सांगणार? पण असा उंचवटा असलेले कित्येक खेळाडू काहीही न दुखता खेळत असतात. म्हणूनच तज्ज्ञांनी २०१६ साली ‘वॉरविक सहमती’ नावाच्या संयुक्त निवेदनात ठरवलं, की त्रास, तपासणीतल्या खुणा आणि एक्स-रे किंवा एमआरआयमधला दोष हे तिन्ही जुळले तरच हा इम्पिंजमेंटचा आजार म्हणायचा. हिच्यात तिन्ही होते, तेव्हा “काही नाही गं, होईल बरं” म्हणून तिला वाटेला लावणं मला जमलं नाही. कूर्चेला रक्तपुरवठा नसतो, गेलेली गादी तशीच परत येत नाही. उंचवटा मोठा आणि पाय आत वळणं कमी, असं असेल तर पुढे संधिवाताची शक्यता वाढते. पण सुरुवातीची झीज दिसली म्हणून सांधा बदलायची तारीख ठरत नाही.

मग दुर्बिणीतून ऑपरेशन आत्ताच उरकायचं का? ब्रिटनमधल्या ३४८ रुग्णांच्या चाचणीत (लॅन्सेट, २०१८) ऑपरेशन आणि फिजिओथेरपी, दोन्ही गटांना आराम पडला. ऑपरेशनवाल्यांना सरासरीने थोडा जास्त. ऑपरेशनने पुढची झीज नक्की थांबते, असं मात्र त्यातून ठरत नाही. तिच्या डॉक्टरांनी आधी तीन महिने व्यायाम सांगितला होता: कुल्ल्याचे आणि पोटाचे स्नायू बळकट करायचे, खोल उठाबशा बंद, सपाटीवर चालणं चालू. तिला खरं हवं होतं ते या तीन महिन्यांत काय करायला मुभा आहे, हे. पुढच्या भेटीसाठी आम्ही प्रश्न लिहून काढले. पळणं कधी, किती? मांडी घालून बसायचं का? कोणत्या लक्षणांवर लगेच यायचं?

कळ कमी झाली, गेली नाही. ती संथ पळायला लागली आहे, भरतीचा अर्ज पुढच्या वेळी भरणार आहे. ऑपरेशनचा प्रश्न डॉक्टरांनी अजून उघडाच ठेवला आहे.

उठता उठता आईने हळूच विचारलं, “स्थळ आलं तर सांगायचं का हे?” मी म्हटलं, ते तिला विचारा. मुलीने लगेच सांगितलं, “सांगायचं. पण आधी भरती.”