वाचक विचारतात: गाव सुटलं, आता कानबाईची गाणी कशी जमवू?

प्रश्न: माझं माहेर शिंदखेडा तालुक्यात. लग्नानंतर सुरतेला, उधन्यात राहते. आजी कानबाईची (आपल्या खान्देशात श्रावणात बसवतात त्या देवीची) गाणी म्हणायची, ती आणि तशी आणखी लिहून काढायची आहेत. पण गावी जाणं होतं लग्नकार्यापुरतं. गावाबाहेर राहून असलं काम होतं का? (एक भगिनी, उधना)

उत्तर: होतं, ताई. होसे मिगेल दे बारांदियारान या बास्क पाद्रीबाबांचंच बघा. (बास्क म्हणजे स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरचे, स्वतःची वेगळी भाषा असलेले लोक.) जन्म 1889चा, स्पेनमधल्या आताउन गावचा. तरुणपणी जर्मनीत लाइपझिगला मानसशास्त्रज्ञ वुंट यांची व्याख्यानं ऐकली आणि तिथून आपल्याच लोकांकडे वळले. पुढे व्हितोरियाच्या सेमिनरीत (पाद्री घडवणाऱ्या शाळेत) शिकवताना सुट्टीला घरी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना ते गोष्टी, समजुती, चालीरीती टिपून आणायला सांगत. 1936च्या जुलैत उर्तियागा गुहेत उत्खनन चालू असताना यादवी युद्ध पेटलं. बाबांना देश सोडावा लागला. वय 46.

पुढची सतरा वर्षं परत जाता आलं नाही. पण ते गेले कुठे? डोंगरापलीकडे, फ्रान्सच्या हद्दीत. तिथेही बास्कच लोक, तीच भाषा. सारा नावाच्या खेड्यात राहून त्यांनी त्या गावाचीच नोंद धरली: घरं, शेती, जेवणखाण, लग्न, मयत. सुटलेल्या गावासाठी झुरत बसले असते तर साराचं वर्णन आज कुणाच्या हाती नसतं. 1953ला आताउनला परतले आणि आपल्या घराला नाव दिलं ‘सारा’. 1991च्या डिसेंबरात गेले, 102 पूर्ण व्हायला काही दिवस कमी होते.

तुमचं सारा म्हणजे उधना. (आणि तुम्हाला भुसावळकडची गाडी आहे, त्यांना ती सोय नव्हती.) नागपंचमीनंतरच्या रविवारी तिथे किती घरांत कानबाई बसते, ते तुम्ही मला सांगायचं. शिरपूरची, पारोळ्याची, साक्रीची बाई एकाच गल्लीत सापडेल. धुळ्यात बसून मला त्यासाठी तीन एसट्या बदलाव्या लागतात.

आता कामाचं. गाण्याइतकीच गाणारीची नोंद महत्त्वाची: वय, माहेर, सासर, सुरतेला कधी आली, गाणं कुणाकडून शिकली. सरळ विचारा, “हाई तुले कोन्ही सांगं?” (हे तुला कुणी सांगितलं?) रोटाचं (देवीच्या नैवेद्याचं) दळण करताना म्हणायचं की विसर्जनाला निघताना, तेही लिहा. दोन गावांची गाणी वेगळी निघाली तर जुळवून एक करू नका, दोन्ही ठेवा. आणि अहिराणी आहे तशी उतरवा. सुधारून पुणेरी केलेलं गाणं मला तरी वाचवत नाही. आमच्याकडे ‘अहिराणी वाचवा’ म्हणून सभा पुष्कळ होतात, भाषणं मात्र प्रमाण मराठीत!

मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण आधी विचारून. एखादी बाई “देवीचं गाणं उगाच म्हणू नये” म्हणाली तर आग्रह नको; श्रावणापर्यंत थांबा. रात्री डीजेच्या आवाजात काही हाती लागणार नाही. सोमवारी विसर्जनाआधी बायका जरा निवांत असतात, तेव्हा गाठा. उतरवून घ्यायचं काम मात्र त्याच आठवड्यात करा, आणि अडलेला शब्द त्याच बाईला परत जाऊन विचारा.