वाचकांचे प्रश्न : नारिंगाचा फेरा

प्रश्न : माझे धाकटे बंधू काही वर्षांपासून कुवेतमध्ये नोकरीस आहेत. तेथील बाजारात संत्र्यासारख्या फळाला 'बुर्तुकाल' म्हणतात आणि ते नाव पोर्तुगालवरून पडले आहे, असे त्यांना एका इजिप्शियन सहकाऱ्याने सांगितले. आमचे आजोबा पोर्तुगीज आमदानीत पणजीला शिकलेले असल्यामुळे घरात 'लारांजा' हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो. खुद्द पोर्तुगीज लोक ज्याला लारांजा म्हणतात त्याला अरबांनी पोर्तुगालचे नाव का द्यावे? तसेच 'लारांजा', इंग्रजीतील 'ऑरेंज' आणि आपले 'नारिंग' हे एकाच मुळाचे शब्द आहेत काय, आणि ते मूळ संस्कृत समजावे काय?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : लारांजा, ऑरेंज आणि नारिंग हे तिन्ही शब्द एकाच घराण्यातले आहेत, याविषयी भाषाभ्यासकांत मतभेद नाही. 'बुर्तुकाल' मात्र त्या घराण्यातला नव्हे. आपल्या बंधूंच्या सहकाऱ्याने सांगितले ते खरे आहे. पण त्याचे कारण समजण्यासाठी आधी नारिंगाची वाट पाहावी लागते.

संस्कृतात 'नारंग' आणि 'नागरंग' अशी दोन्ही रूपे आढळतात व आयुर्वेदाच्या ग्रंथांत या फळाचे गुणधर्मही सांगितलेले आहेत. पण संस्कृतात शब्द सापडला म्हणजे तो संस्कृतातच जन्मला असे मानण्याची आपली जुनी सवय येथे कामाची नाही. तमिळमध्ये 'नारत्तै', तेलुगूत 'नारिंज', मल्याळममध्ये 'नारङ्ङ' असे शब्द आहेत, आणि तमिळमधील 'नरु' म्हणजे सुवासिक या धातुरूपाशी त्यांचा संबंध लावता येतो. म्हणून हा शब्द द्राविड भाषांतून संस्कृतात आला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. 'नागरंग' हे रूप तर अनोळखी शब्दाला ओळखीच्या शब्दांच्या जोडीत बसवण्याच्या प्रयत्नातून घडलेले दिसते. आपले बंधू आखातात आहेत, तेव्हा त्यांना आणखी एक गंमत तेथील मल्याळी उपाहारगृहात अनुभवता येईल. तेथे 'नारङ्ङा वेळ्ळम्' मागितले तर संत्र्याचा रस मिळत नाही, लिंबाचे सरबत मिळते. कारण मल्याळममध्ये नारङ्ङ हा शब्द आंबट फळांच्या सगळ्या कुळासाठी वापरला जातो आणि नुसता उच्चारला तर लिंबूच समजले जाते.

भारतातून हा शब्द इराणात 'नारंग' म्हणून गेला. अरबीत 'ग' हा उच्चार नसल्यामुळे अरबांनी त्याचे 'नारंज' केले, आणि दहाव्या-अकराव्या शतकांच्या सुमारास त्यांनीच हे झाड सिसिली व स्पेनमध्ये लावले. स्पॅनिश भाषेत 'नारांजा' हे रूप रुळले. पोर्तुगीज भाषेत मात्र पहिल्या 'न'चा 'ल' झाला आणि 'लारांजा' हा शब्द तयार झाला. एकाच शब्दात दोन अनुनासिके आली की जीभ त्यांपैकी एक बदलून टाकते. व्याकरणात याला विषमीकरण म्हणतात. मराठी वाचकाला हे परके वाटू नये, कारण 'नवनीत' या शब्दाचे आपण 'लोणी' केले, 'निंब'चे 'लिंब' केले, आणि उलट्या दिशेने 'लांगल'चे 'नांगर' केले.

येथे गोव्यातील वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पोर्तुगीज शब्द आणि आपला शब्द सारखा दिसला की, एक तर आपण तो त्यांच्याकडून घेतला किंवा त्यांनी तो गोव्यातून उचलला, असे आपण धरून चालतो. 'लारांजा' या दोन्हींपैकी कशातच बसत नाही. वास्को द गामाच्या पहिल्या सफरीच्या रोजनिशीत, एप्रिल १४९८ मध्ये मोंबासाच्या राजाने मेंढी, भरपूर नारिंगे, लिंबे आणि ऊस भेट म्हणून पाठवल्याची नोंद आहे. लिहिणाऱ्याने अद्याप हिंदुस्थानचा किनारा पाहिलेला नव्हता, तरी फळाला नाव शोधण्याची त्याला गरज पडली नाही. ते अरबांच्या मार्फत शतकांपूर्वीच त्याच्या भाषेत पोहोचले होते. १५१० मध्ये आफोंसु द आल्बुकेर्कने गोवा जिंकल्यावर 'लारांजा' मांडवीच्या काठी आला तो इराण, अरबस्तान आणि आयबेरियाचा फेरा करून, आणि तेथे 'नारिंग' आधीपासून होतेच. या भूमीचे विद्वान सुपुत्र मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दालगादो (१८५५–१९२२) यांनी १९१३ मध्ये आशियाई भाषांत गेलेल्या पोर्तुगीज शब्दांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि पुढे १९१९ व १९२१ या वर्षी दोन खंडांत नेमकी उलट दिशा, म्हणजे पोर्तुगीजमध्ये शिरलेले आशियाई शब्द, तपासली. या दोन दिशांची गल्लत होऊ नये म्हणूनच त्यांनी दोन स्वतंत्र कामे केली असे मला वाटते, आणि आजही ती गल्लत आपल्याकडे सर्रास होते.

इटलीत आणि फ्रान्समध्ये या शब्दाचा आरंभीचा 'न' गळाला. इटालियन भाषेतील एकत्वदर्शक 'उना' या शब्दाचा शेवट आणि 'नारांचा'चा आरंभ एकमेकांत मिसळून 'आरांचा' उरला. फ्रेंचमध्ये सोन्याला 'ऑर' म्हणतात. सोनेरी रंगाच्या फळाच्या नावात सोने ऐकू येणे लोकांना आवडले असावे, म्हणून तेथे 'ओरांज' झाले आणि तेच इंग्रजीत गेले. इंग्रजीत 'अ नॉरेंज' या शब्दजोडीतला 'न' चुकून मागच्या शब्दाला चिकटला आणि 'ॲन ऑरेंज' झाले, ही गोष्ट शाळांतून हौसेने सांगितली जाते. परंतु 'न' गळण्याची क्रिया शब्द इंग्लंडला पोहोचण्यापूर्वीच घडली होती. रंगाचे नाव म्हणून इंग्रजीत 'ऑरेंज' रुळले ते सोळाव्या शतकापासून, म्हणजे फळ आधी आणि रंग नंतर. आपला 'नारिंगी' रंगही फळावरूनच आला आहे. जाता जाता, नेदरलँड्सचे राजघराणे 'ऑरेंज' म्हणवते आणि त्यांचा फुटबॉल संघ नारिंगी सदरे घालतो, पण त्या घराण्याचे नाव दक्षिण फ्रान्समधील ज्या गावावरून पडले त्या गावाचे रोमन काळातील नाव 'आराउसिओ' होते आणि त्याचा या फळाशी काहीही संबंध नव्हता. उच्चार जुळत गेले, म्हणून रंगही जुळवून घेतला गेला.

आता बुर्तुकाल. अरबांनी युरोपात नेलेले नारंज हे कडवट-आंबट फळ होते. त्याची साल, फुले आणि रस उपयोगी पडत, पण सोलून खाण्याजोगे ते नव्हते. गोड जात मूळची चीनच्या बाजूची. ती युरोपात प्रथम कोणी आणली याबाबत जिनोआच्या व्यापाऱ्यांचेही नाव घेतले जाते. परंतु सोळाव्या शतकात पूर्वेकडची चांगली गोड जात लावून तिचा व्यापार वाढवला तो पोर्तुगीजांनी, आणि भूमध्य समुद्राच्या बंदरांतून हे नवे फळ त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. ज्यांच्याकडे जुन्या आंबट फळासाठी नारंज हा शब्द आधीच होता त्यांना गोड फळासाठी दुसरा शब्द हवा होता, आणि तो त्यांनी विक्रेत्याच्या देशावरून घेतला. ग्रीक भाषेत आजही कडू फळ 'नेरांझी' आणि गोड फळ 'पोर्तोकाली' आहे. फारसीत 'नारेंज' आणि 'पोर्तेकाल' अशी जोडी आहे. तुर्की लोक गोड फळाला 'पोर्ताकाल' म्हणतात, रोमानियन लोक 'पोर्तोकाला'. अरबीत 'प' नसल्यामुळे तेथे 'बुर्तुकाल' झाले, आणि देशासाठी त्याच शब्दाचे एका व्यंजनाने वेगळे असलेले 'अल-बुर्तुगाल' हे रूप ठेवले गेले. पोर्तुगीजांना स्वतःला या नव्या नावाची गरज नव्हती, कारण त्यांनी जुना 'लारांजा' हाच शब्द गोड फळालाही लावला. आपल्याच मालाला आपल्याच देशाचे नाव कोण देईल?

उत्तर युरोपाने आणखी वेगळा मार्ग धरला. डच 'सिनासाप्पल', स्वीडिश आणि रशियन 'आपेल्सिन' या सर्वांचा अर्थ 'चिनी सफरचंद' असा होतो, आणि अटलांटिकच्या पलीकडे पोर्तो रिको बेटावर तर संत्र्याला नुसते 'चीना' म्हणतात. फळाच्या मूळ भूमीच्या दृष्टीने पाहिले तर पोर्तुगालचे नाव देणाऱ्यांपेक्षा ही मंडळी सत्याच्या अधिक जवळ आहेत.

प्रश्न : चतुर्थीला आम्ही गणपतीपुढे माटोळी (फळाफुलांनी सजवलेली टांगती लाकडी चौकट) बांधतो तिच्यात तोरिंज असतेच. 'तोरिंज' आणि 'नारिंग' या शब्दांचे यमक जुळते. ते एकाच शब्दाचे दोन फाटे असावेत काय?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : यमक जुळते, नाते मात्र नाही. माटोळीला बांधायचे तोरिंज हे पपनसाच्या जातीचे मोठे, जाड सालीचे फळ. त्याचा शब्द फारसी व अरबी 'तुरुंज' याच्याशी जोडलेला आहे, आणि तुरुंज म्हणजे मूळचे म्हाळुंग. मराठीच्या जुन्या कोशांतही 'तोरिंजन' असे रूप मिळते. पोर्तुगीजांकडेही हाच अरबी शब्द 'तोरांजा' म्हणून आहे, त्यामुळे गोव्याच्या बोलीत तो त्यांच्याकडून आला की किनाऱ्यावरच्या अरबी-फारसी व्यापारातून, हे केवळ उच्चारावरून ठरवता येणार नाही.

अधिक रंजक भाग पुढे आहे. फारसी तुरुंज आणि संस्कृत 'मातुलुंग' यांचे मूळ एकच असावे, असे अनेक भाषाभ्यासकांचे मत आहे, आणि मातुलुंगाचेच मराठीत 'म्हाळुंग' झाले. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे फळ आहे ते हेच. म्हणजे हे मत ग्राह्य धरले तर आपल्या माटोळीतले तोरिंज आणि देवीच्या हातातले म्हाळुंग ही नावे एकमेकांची दूरची भावंडे ठरतात, जरी फळे आज वेगळी असली तरी. असे नामांतर या कुळात वारंवार होते, कारण ही झाडे आपसांत सहज संकर करतात. गोड नारिंग हेच मुळी पपनस आणि संत्र्याच्या जातींचा संकर आहे, आणि तुर्की भाषेत तर तुरुंज हाच शब्द ('तुरुंच' या उच्चाराने) कडू नारिंगासाठी वापरला जातो.

प्रश्न : 'संत्रे' हा शब्द लिस्बनजवळच्या सिंत्रा गावावरून आणि 'मोसंबी' हा मोझांबिकवरून आला, असे वाचनात आले. हे खरे काय?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : दुसरे विधान मान्य होण्याजोगे आहे, पहिले नाही.

सिंत्रा येथील फळांची ख्याती जुनी आहे आणि उच्चारही मोहक रीतीने जुळतो, म्हणून ही व्युत्पत्ती पुन्हा पुन्हा छापली जाते. पण हिंदुस्थानच्या फळांचे वर्णन करताना बाबराने आपल्या आत्मचरित्रात नारंज, तुरुंज आणि संगतरा यांची वेगवेगळी नोंद केली आहे. बाबर १५३० मध्ये वारला. गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात जाऊन तेव्हा जेमतेम वीस वर्षे झाली होती, आणि उत्तर हिंदुस्थानात त्यांचा वावर नगण्य होता. एवढ्या अवधीत पोर्तुगालमधील एका गावाचे नाव दिल्ली-आग्र्याकडे पोहोचून तेथील एका फळाचे रूढ नाव व्हावे, हे पटण्यासारखे नाही. संत्रे हा फारसी 'संगतरा' या शब्दाचाच अवतार आहे, एवढे म्हणून थांबावे.

मोसंबीची गोष्ट निराळी आहे. लिस्बनहून निघालेली जहाजे मोझांबिक बेटावर पाणी व रसद भरून गोव्याकडे येत, आणि १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभारही गोव्यातूनच चाले. त्या वाटेने आलेल्या गोड जातीला त्या ठाण्याचे नाव मिळणे स्वाभाविक होते. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने मोसंबी ही गोड नारिंगाच्याच जातीत मोडते आणि नागपुरी संत्रे सैल सालीच्या वेगळ्या जातीत. तेव्हा अरबी बुर्तुकालाचे जवळचे नातलग शोधायचे तर ते नागपूरपेक्षा जालन्याच्या बागांत सापडतील. मोझांबिक हे नाव मात्र आले ते त्या बेटावर राहणाऱ्या मूसा नावाच्या एका अरब व्यापाऱ्यावरून, असे सांगतात.