दोन पांडांमधले कुंपण

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे वॉशिंग्टनला गेलो असताना तेथील राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात बाओ ली आणि चिंग बाओ हे दोन पांडा पाहिले. दोघांना वेगवेगळ्या आवारांत ठेवलेले पाहून जीव हळहळला. तेथे जन्मलेली पिल्लेही पुढे चीनला पाठवली जातात, असे कळले. परक्या देशात प्राण्यांना असे एकटे पाडणे आणि आईपासून तोडणे हा निर्दयपणा नाही का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपली कळकळ मनाला भिडली, परंतु ज्या कुंपणामुळे आपण हळहळलात, ते पांडाच्या स्वभावाला धरूनच आहे. सिचुआन, शान्शी आणि गान्सू या प्रांतांतील डोंगराळ बांबूवनांत प्रौढ पांडा एकटाच हिंडतो आणि झाडाखोडांवरील गंधखुणांवरून दुसऱ्याचा माग लागला, की बहुधा त्याची वाट टाळतो. मादी वर्षातून एकदाच माजावर येते आणि गर्भधारणेची संधी जेमतेम २४ ते ७२ तासांची असते. एरवी दोन प्रौढांना एकत्र ठेवणे म्हणजे भांडणांना आणि जखमांना निमंत्रण देणे होय.

पिल्लांच्या बाबतीतही असेच आहे. जन्मतः अवघे शंभर ग्रॅमच्या आसपास भरणारे पिल्लू साधारण दीड-दोन वर्षे आईजवळ राहते आणि मग स्वतंत्र होते. वॉशिंग्टनमध्ये २००५ साली जन्मलेला ताई शान २०१० मध्ये चीनला गेला, तेव्हा तो साडेचार वर्षांचा होता. चीन आता पांडा भेट म्हणून देत नाही, कराराने काही वर्षांपुरते देतो आणि परदेशात झालेली पिल्लेही चीनचीच मानली जातात. हा करार राजकारणापासून अलिप्त नाही, हे खरे. तरीही नात्यात नसलेला जोडीदार पिल्लांना चीनमध्येच मिळू शकतो. वॉशिंग्टनमध्येच जन्मलेली बाओ बाओ २०१७ मध्ये चीनला गेली आणि तेथे २०२१ मध्ये तिला मुलगा झाला. आपण पाहिलेला बाओ ली तो हाच.

मला स्वतःला अस्वस्थ करणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. बाओ बाओची आई मेई शियांग हिची जगलेली चारही पिल्ले कृत्रिम रेतनाने झाली आणि त्यासाठी तिला वेळोवेळी भूल द्यावी लागली. प्रजाती टिकावी म्हणून एकाच मादीला किती वेळा या प्रक्रियेतून न्यावे, याला मर्यादा असली पाहिजे, असे मला वाटते. ती आणि तिचा जोडीदार तिआन तिआन २००० सालच्या डिसेंबरात तेथे आले, जवळजवळ २३ वर्षे राहिले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये मालवाहू विमानाने परत गेले. तेव्हा ती २५ वर्षांची आणि तो २६ वर्षांचा होता. बंदिवासातील पांडाचे आयुष्य तिशीच्या आसपास असते, हे लक्षात घेता, इतक्या उतारवयात ओळखीची जागा आणि ओळखीची माणसे सोडायला लावणारे कलम करारांतून वगळले जावे, अशी माझी इच्छा आहे.