सकाळी लांब सेल्फ, दिवसभर ठणठणीत

प्रश्न : नमस्कार, माझा जुना डिझेल पिकअप आहे, साध्या मेकॅनिकल डिझेल पंपाचा. रोज सकाळी लांबलचक सेल्फ मारावा लागतो, आधी धूर अजिबात नाही, मग एकदम पांढरा भपका येतो आणि गाडी थरथरत चालू होते. त्यानंतर दिवसभर अर्ध्या सेल्फला उठते. बॅटरी नवी टाकली, चारही हीटर प्लग बदलले, थंडी असो की ऊन, फरक शून्य. आता मेकॅनिक म्हणतो पंप उतरवू. उतरवू का?

उत्तर : नका उतरवू, निदान आत्ता तरी नाही. आधी धूर नाही हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, कारण हीटर प्लग (थंड इंजिनात आतली हवा तापवणारा) गेला असता किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, कमी असतं तर डिझेल आत जाऊन नीट न पेटता पहिल्यापासून पांढरा धूर आला असता, आणि थंडीत त्रास वाढला असता. धूरच नाही म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलपर्यंत डिझेलच पोचत नाहीये. रात्रीतून लाइनमध्ये हवा शिरते, डिझेल टाकीकडे परत जातं आणि सकाळी तुमचा सेल्फ ते ओढून आणण्यात खर्ची पडतो.

खात्री करायची तर सकाळी चावी फिरवायच्या आधी फिल्टरवरचा हातपंप कडक होईपर्यंत दाबा, मग सेल्फ मारा. लगेच उठली तर हवाच शिरतेय हे पक्कं, विषय संपला. किंवा एक रात्र तोंड उताराकडे करून लावा, म्हणजे टाकी वरच्या बाजूला येईल आणि डिझेल मागे जाणार नाही; सकाळी लगेच उठली तर तोच निष्कर्ष (चाकाखाली दगड ठेवाच, जुन्या हँडब्रेकवर माझा काडीचा भरवसा नाही).

हवा कुठून येते हे बघायला फिल्टर ते पंप पारदर्शक पाइप लावा, बुडबुडे दिसतील. बहुतेक वेळा दोषी असतात नोझलच्या रिटर्नचे (उरलेलं डिझेल परत नेणारे) तडकलेले बारीक पाइप, फिल्टरची रबर रिंग, तांब्याचे वॉशर नाहीतर हातपंपाचा व्हॉल्व्ह. खाली डिझेल सांडत नाही म्हणून लोक फसतात, पण ओढणाऱ्या बाजूला गळती असली की डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते.

लाइन भरलेली असूनही लांब सेल्फ लागत असेल तर सेल्फ मारताना बॅटरीचे व्होल्ट बघा, साधारण 9.6 च्या खाली गेले तर बॅटरी, केबल, अर्थ, स्टार्टर हे आधी. पंपावर संशय मी गरम इंजिन उठेना झालं की घेतो, तुमचं उलट आहे. आणि तोवर स्टार्टिंग स्प्रे मारू नका, हीटर प्लग लाल असताना ते नको त्या वेळी पेटतं आणि पिस्टन फुटू शकतो.