एकाच रुग्णाच्या केस रिपोर्टवर कितपत विश्वास ठेवावा?

पुरावा म्हणून फारसा नाही. सुगावा म्हणून मात्र जरूर.

फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी २००८ साली छापलेली नोंद बघा. बाळाच्या नाकावर रक्तवाहिन्यांची लालभडक गाठ. स्टेरॉइड चालू असताना हृदयाचा स्नायू जाड झाला, म्हणून प्रोप्रॅनोलॉल दिलं. दुसऱ्याच दिवशी गाठ जांभळट आणि मऊ पडली! औषध हृदयासाठी, गुण गाठीला.

पण अशा गाठी वयाबरोबर आपोआपही ओसरतात, त्यामुळे शंका रास्तच होती. ती फिटली २०१५ च्या मोठ्या चाचणीत. सहा महिन्यांच्या पूर्ण डोसवर सुमारे ६० टक्के बाळांची गाठ जवळजवळ गेली, नुसत्या प्लासिबोवर, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ डोसवर, जेमतेम ४ टक्के.

त्यामुळे चमत्कारिक केस वाचली की आधी एवढंच शोधा: पुढे चाचणी झाली का? बऱ्याचदा झालेलीच नसते.